रुमाल पडला ती जागा

१० सप्टेंबर १९७८, रविवार

ही डायरी दफनवाल्या फेदोरने जानेवारीत माझ्या नवऱ्याला, ओंद्रेयला, फुकट दिली होती. दर वर्षी देतो, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना देतो, वर स्वतःच्या दुकानाचं नाव छापून. ओंद्रेयने दोन ऑगस्टपर्यंत रोज दोन ओळी लिहिल्या आहेत. ऊन. पाऊस. टोमॅटोला कीड. तीन ऑगस्टपासून पानं कोरी आहेत. कोरी पानं फेकवत नाहीत म्हणून मी लिहायला बसले. मी सहावीपर्यंत शिकले, मग आई गेली आणि पाच भावंडांचं करायला घरी राहिले. अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. असू दे, वाचणार कोण आहे!

तर बातमी अशी की वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला काम लागलं. पगार नाही, पण कॉफी मिळते.

दुब्रावा मास्तर मागच्या दाराशी आले, टोपी हातात घेऊन. मला वाटलं, अजून कोणी गेलं की काय.

"ह्रिस्कोबाई, दंड आता कोण लिहिणार?"

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे दंड, म्हणजे कोणी काय चूक केली आणि त्यापायी किती यार्ड मागे जावं लागलं, ते सव्वीस वर्षं ओंद्रेय लिहीत होता. धावा, फेकी सगळं मास्तर लिहितात, दंडांचा कागद मात्र वेगळा. मी म्हटलं, एखाद्या तरुणाला घ्या. मास्तर म्हणाले, "तरुणांना खुणा कुठे येतात? ते नुसते ओरडतात."

हे खरं आहे. मला सगळ्या खुणा येतात. ओंद्रेय या स्वयंपाकघरात उभा राहून करून दाखवायचा आणि मी बटाटे सोलता सोलता ओळखायची. पंचाने कमरेवर हात ठेवले की वेळेआधी पुढे घुसला. माझी सासू दारात अशीच उभी राहायची. एका हाताने दुसरं मनगट धरलं तर धरून ठेवलं. छातीपुढे हात लोकर गुंडाळल्यासारखे फिरवले तर रांग चुकली. मांडीच्या मागे हात मारला की मागून धडक, त्याला पंधरा यार्ड. या लिपीत मला काही अडत नाही.

काल पहिला सामना झाला. मचाणावर चढताना गुडघे बोलले, पण वरून काय दिसतं! नदी, कारखान्याची धुरांडी, सगळं गाव, आणि खाली बावीस नंबर घातलेला माझा नातू रुडी, माझ्या लेकीचा, इरेनाचा मुलगा. तो चेंडू घेऊन पळतो. मी पावासारखी फुगले होते, इतका पळाला. कागदावर तीन रकाने आहेत: कोणी, किती, कुठून. नऊ दंड लिहिले. एकही चुकला नाही.

घरी आले. खुर्चीत बसले. कोट काढायचा राहिला, तशीच आठ वाजेपर्यंत बसले होते.

१७ सप्टेंबर, रविवार

काल जिंकलो. मास्तरांशी भांडले.

झालं असं, समोरच्या संघाच्या पोराने आपल्या पोराला धरून ठेवलं. चूक झाली त्या जागी पंचाने रुमाल टाकला, सगळ्यांनी पाहिलं. पण आपण तरीही पुढे गेलो होतो, म्हणून आपल्या कप्तानाने दंड नाकारला. मी लिहायला लागले तर मास्तर म्हणाले, "खोडा. नाकारलेला दंड मोजायचा नाही."

"पण त्याने धरलं ना?"

"धरलं."

"मग झालं की!"

"झालं ह्रिस्कोबाई, पण मोजायचं नाही. ओंद्रेयने सांगितलं नाही कधी?"

सांगितलं असेल. बटाट्यात लक्ष असेल माझं. मी खोडलं, पण हलकंच खोडलं.

सोमवारी ओंद्रेयच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. इरेना रडली, शेजारची युल्का रडली. युल्का कोणाच्याही प्रार्थनेला रडते, तिचं सोडा. मी मेणबत्त्या मोजत होते. एकतीस होत्या. दोन विझल्या, त्या धरायच्या की नाही ते समजेना. नंतर पाद्रीबाबा म्हणाले, "वेरोना, खंबीर आहेस हो." मी अक्रोडाचा रोल कापला. सगळ्यांना दोन-दोन तुकडे पुरले, आणि वर सात उरले.

त्याचे कपडे चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला देऊन टाकले. तीन खोकी भरली. कपाट आता छान मोकळं आहे, इस्त्रीची फळी आत मावते.

३० सप्टेंबर, शनिवार

आज गंमतच झाली. ओंद्रेयचा तपकिरी कोट सामन्याला आला होता.

म्हणजे कोणीतरी तो विकत घेतला आणि घालून आला. पाहुण्या संघाकडचा माणूस असावा, तोंड दिसलं नाही. पण कोट मी ओळखणार नाही तर कोण? कॉलरला मीच चामडं लावलं होतं. बरं झालं, चांगल्या अंगावर गेला, अजून दहा हिवाळे निघतील त्यात. तो कडेकडेने चालला होता. डावा खांदा जरा खाली. ओंद्रेय चाळीस वर्षं त्या हाताने डबा घेऊन कारखान्यात गेला, तो बाक कोटात तसाच राहिला आहे. कोट पाण्याच्या नळापर्यंत गेला, थांबला, वळला, पायऱ्यांपाशी जाऊन दिसेनासा झाला.

मास्तर कोपराने ढोसत होते. "कुठून? ह्रिस्कोबाई, दंड कुठून मोजला?"

मागून धडक होती, खूण मी पाहिली होती, आपला सदुसष्ट नंबर, पंधरा यार्ड. मी म्हटलं, "पळणारा पडला तिथून."

रुडी तीस यार्डाच्या रेषेवरून निघाला आणि पंचेचाळीसवर पडला, असं मास्तर म्हणाले. पंधरा यार्ड त्याच्या नावावर लागले. मज्जा.

हरलो. थंडी होती. तो माणूस परत दिसला नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

आजवर रुडीला प्रत्येक काम सांगावं लागायचं. आज शाळेतून थेट आला आणि घराच्या अकराही खिडक्या धुतल्या. न सांगता! मी कोबी घालून पिठाच्या गोळ्यांचे हलुश्की केले होते, दोन ताटं खाल्ली आणि ताट स्वतः विसळलं. मी म्हटलं, "काय रे, काही फोडलंस का?"

"नाही."

"मग कोणाला गरोदर केलंस?"

"आजी!" कानापर्यंत लाल झाला.

जाताना दारात घुटमळला. "आजी, तो कागद तू नीट लिहितेस ना?"

"तुझ्या आजोबांपेक्षा नीट," मी म्हटलं. "त्यांचा सात आणि एक सारखाच दिसायचा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग माझ्या हाताचा मुका घेतला, लहानपणी घ्यायचा तसा. सतरा वर्षांचं पोरगं! युल्काला सांगितलं तर ती जळून खाक झाली. तिचा नातू तिला फक्त गाडीच्या पेट्रोलसाठी भेटतो.

२२ ऑक्टोबर, रविवार

रुडीचे सातशे चाळीस यार्ड झाले. अजून तीन सामने आहेत. गावात दुसरा विषय नाही.

स्लोवाक क्लबच्या भिंतीवर, कपाटापासून दारापर्यंतची जागा हजारवाल्यांच्या नावांसाठी ठेवली आहे. एका मोसमात पळून हजार यार्ड केले की रंगारी गेझा निळ्या रंगात नाव लिहितो. तीस वर्षांत चारच नावं आहेत. त्यातला एक परवा बँकेत भेटला, पोट सुटलंय, दात गेलेत, पण बँकवाला त्याला अजून "हजारी" म्हणतो आणि रांगेत पुढे घेतो.

रुडीला ते नाव हवं आहे. कधीपासून हवं आहे सांगू? पाच वर्षांचा होता तेव्हा ओंद्रेयच्या खांद्यावर बसून त्या भिंतीला हात लावायचा आणि म्हणायचा, इथे माझं. जूनमध्ये शाळा संपली की तो बापाबरोबर भट्टीवर जाणार, तिथे नाव नोंदवून झालं आहे. मग कारखान्यात तो कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी नातू. भिंतीवर मात्र स्वतःचा.

मी इतकी खूश आहे की काय सांगू. तरी दुपारी बटाटे सोलायला घेतले आणि एकटीसाठी पंधरा सोलून झाले तेव्हा थांबले.

२९ ऑक्टोबर, रविवार

इरेना म्हणाली, "आई, तू रडत का नाहीस?"

मी म्हटलं, "शनिवारी सामना असतो."

ती बघतच राहिली. मला तिचं काही समजत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

एक हजार चार!

क्रमाने लिहिते. काल शेवटचा सामना. रुडीचे नऊशे एकोणसाठ होते. एक्केचाळीस हवे होते. गार वारा, पाटीवरचे आकडे खडखडत होते. सामना संपत आला तेव्हा मास्तरांनी वहीवर हात आपटला, "पंचेचाळीस! हजार चार!" आणि भोंग्यात ओरडून सगळ्यांना सांगितलं. खाली बँड वाजला. माझा जावई रडला, जो स्वतःच्या बापाच्या वेळीही रडला नव्हता. मी टाळ्या वाजवल्या. हात लाल झाले, म्हणजे खूप वाजवल्या असणार.

प्रशिक्षकाने रुडीला बाहेर घेतलं. साहजिक आहे, हजार झाले, आता पाय मोडून कशाला घ्यायचा? तर हे पोरगं त्यांच्याशी भांडायला लागलं. वरून ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. बोट दाखवतोय, परत आत जायला बघतोय. दोघांनी धरून बसवला. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून बाकावर बसून राहिला. लोक पाठीवर थापा मारत होते आणि हा वर मचाणाकडे बघत होता. मी हात हलवला.

नंतर मी विचारलं, "काय रे हावऱ्या, हजाराने पोट भरलं नाही का?"

"अजून पाच हवे होते."

"पाचाचं काय लोणचं घालणार होतास?"

वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. दमला असेल.

सव्वीस तारखेला क्लबात जेवण आहे. तेव्हा गेझा सगळ्यांसमोर रंग भरणार.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

हे कसं लिहावं मला समजत नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

सर्वांत कमी दंड झालेल्या संघाला एक ढाल देतात. त्यासाठी वर्तमानपत्राला आपले मोसमभराचे दंड हवे आहेत, सोमवारच्या अंकासाठी. मास्तर दहाही सामन्यांचे कागद आणि त्यांच्या वह्या ठेवून गेले. "ताळा करून ठेवा, ह्रिस्कोबाई. ओंद्रेय दर रविवारी करायचा."

करायचा हे मला माहीत होतं. मी या मोसमात एकदाही केला नाही. रविवारी मी बसते.

ताळा असा. या टेबलावरच्या मेणकापडावर निळे-पांढरे चौकडे आहेत, लांबीला बावन्न. एक चौकडा म्हणजे एक यार्ड, चुलीकडची कड म्हणजे आपली गोलरेषा. कोटाचं एक बटण घ्यायचं, चेंडू होता तिथे ठेवायचं. जितका पळाला तितकं पुढे, जितका दंड तितकं मागे. बटण जिथे येईल तिथूनच पुढचा डाव सुरू झालेला असला पाहिजे. नसेल तर काहीतरी चुकलं आहे.

तीन सामने सुरळीत गेले. चौथ्यात, तीस सप्टेंबरच्या, बटण तीसवर ठेवलं. रुडी पंधरा पळाला. पंचेचाळीस. दंड पंधरा. परत तीस. मास्तरांच्या वहीत पुढचा डाव एकवीसवरून.

तीन वेळा केलं. बटण तीसवर येतं आणि वही एकवीस म्हणते.

मग उलटं केलं. एकवीसवरून पंधरा पुढे, छत्तीस. म्हणजे पंचाने छत्तीसवरून मोजलं. आपल्या सदुसष्ट नंबरने धडक छत्तीसवर मारली, रुमाल तिथे पडला. रुडी पुढे पंचेचाळीसपर्यंत पळाला खरा, पण आपल्याच माणसाची चूक झाली की धाव त्या जागेपर्यंतच मोजायची. तीस ते छत्तीस. सहा यार्ड, पंधरा नाही.

नऊ जास्त लागले. हजार चारातून नऊ गेले की नऊशे पंच्याण्णव.

कागदावर माझ्याच कोंबडीच्या अक्षरात लिहिलं आहे: कुठून — पडला तिथून.

मी ते पान पाहिलं. मग मागे चाळून डायरीतलं त्या दिवसाचं पान वाचलं. कोटाबद्दलच लिहिलं आहे सगळं. गंमतच झाली म्हणे.

चहा केला, तो ओट्यावर राहिला.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज सामना नाही. सवयीने एक वाजता कोट घातला होता, तो तसाच घालून मास्तरांकडे गेले.

त्यांनी बोटाने आकडे तपासले. पुन्हा तपासले. चष्मा काढला.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंत."

"तुम्ही म्हणालात, पडला तिथून."

"म्हणाले."

"आणि पुढचा डाव मी एकवीसवरून लिहिला, स्वतःच्या हाताने, आणि बेरीज केली नाही. तीस वर्षं गणित शिकवतोय मी." चष्मा सदऱ्याला पुसून परत घातला. मग म्हणाले, "ह्रिस्कोबाई, नऊ यार्ड म्हणजे या खोलीच्या दुप्पट. हे आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

"गेझाने भिंतीवर पेन्सिलने आखून ठेवलंय. मी काल पाहिलं. चूक तुमची आणि माझी. त्या पोराने काय केलंय?"

"काही नाही केलं."

"मग?"

मी म्हटलं, "ताळा लागत नाही, मास्तर."

"माहितीये हो," ते ओरडले. मग हळू म्हणाले, "ओंद्रेय काय म्हणाला असता?"

ते मला सुचलंच नव्हतं. विचार केला तर नुसता तो बटण सरकवताना दिसला, तोंड काही उघडेना. मास्तर म्हणाले, उद्या पाचपर्यंत वर्तमानपत्राला फोन करायचा आहे, तुम्ही सांगाल तो आकडा देऊ. म्हणजे माझ्या गळ्यात टाकलं. टाकणारच. रुमाल मी पाहिला नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार

रुडीला बोलावून घेतलं. जेवायला घातलं आधी. उपाशी माणसाला असलं काही सांगू नये. मग मेणकापडावर कागद ठेवला आणि म्हटलं, "तीस सप्टेंबर. तू तीसवरून निघालास..."

त्याने काटा खाली ठेवला. "छत्तीस," तो म्हणाला.

"काय?"

"रुमाल छत्तीसवर होता. उठताना मागे वळून पाहिला मी. सोमवारी वर्तमानपत्रात माझे यार्ड पाहिले, तेव्हाच हिशेब केला. नऊ जास्त होते."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"मला वाटलं तू मुद्दाम दिलेस."

"मुद्दाम?" मी म्हटलं.

"खिडक्या कशाला धुतल्या मग?" तो म्हणाला. आता थांबेना. "आजोबा गेले तेव्हापासून तू माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नाहीस, आजी. वाढतेस, बोलतेस, हसतेस, पण भिंतीशी बोलावं तशी. आणि एकदम नऊ यार्ड. म्हटलं, हे आपल्याला दिलंय. नको तर कसं म्हणणार? आणि मास्तरांना सांगितलं तर तुझ्याकडून तो कागद काढून घेतला असता. तुझ्याकडे दुसरं आहे काय? म्हणून ठरवलं, नऊ जास्तीचे पळायचे. हजार नऊ केले की कोणाचं काही लागत नाही. पाच राहिले. त्यांनी आत जाऊ दिलं नाही."

म्हणजे सात आठवडे हे पोरगं माझी चोरी पाठीवर घेऊन पळत होतं. आणि मी चोरीसुद्धा केली नव्हती.

मी म्हटलं, "रुडी, मी तुला काही दिलं नव्हतं. मी बघत नव्हते."

"म्हणजे?"

"तू पळालास तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. तुझी धाव मी पाहिलीच नाही."

असं वाटलं, आता उठून जाईल. मी चोर निघाले असते तर त्याला बरं वाटलं असतं, एवढं मलाही समजलं. तो ताटाकडे बघत राहिला. चुलीवरची किटली उकळायला लागली, मी उठून बंद केली, परत येऊन बसले.

"किती वाजले?" त्याने विचारलं.

"साडेचार."

उठला आणि भिंतीवरचा फोन काढून स्वतःच फिरवला. वर्तमानपत्राचा नंबर ओंद्रेयने दाराच्या चौकटीवर लिहून ठेवलेला आहे. मी नको म्हणायला हात वर केला, तोवर पलीकडून उचललासुद्धा.

"दुरुस्ती द्यायची आहे," तो म्हणाला. "पळून केलेले यार्ड, मोसमाचे. हजार चार नाही. नऊशे पंच्याण्णव. हो, पंच्याण्णव. तीस सप्टेंबरला नऊ जास्त लागले, दंड छत्तीसवरून होता." पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. "नाही, कोणी तक्रार केलेली नाही. कोण बोलतंय? बावीस नंबर."

फोन ठेवला. "मास्तरांना तू सांग. गेझाला मी सांगतो. पेन्सिलच आहे, पुसली जाईल."

मी म्हटलं, "तुझ्या बापाला काय सांगू?"

"काही नको. उद्या वाचेल की."

मग तो परत टेबलाशी येऊन बसला. जायचं सोडून बसला. बटण तिथेच पडलं होतं. त्याने ते उचलून तीसवर ठेवलं.

"हा मी. हा सदुसष्ट, मीठदाणी. हे त्यांचे दोघं, पेले घे. चेंडू हातात आला तेव्हा मधे जागाच नव्हती. मग सदुसष्टने याला ढकललं आणि फट पडली, एवढीशी." बटण सरकत होतं, बत्तीस, तेहतीस. त्याचं नख काळंनिळं झालं आहे, ते मी आज पाहिलं. हनुवटीवर दाढीचे सात-आठ केस आहेत. ते कधी आले? "इथे मी डावीकडे वळलो. यानं माझा सदरा धरला, फाटला, आई अजून बोलते त्यावरून."

बटण छत्तीसवर आलं आणि पुढे निघालं.

"रुडी," मी म्हटलं, "छत्तीसच्या पुढे मोजायचं नाही."

"माहितीये. मोजू नकोस. नुसतं बघ."

सदतीस. अडतीस. मी बघत होते.